पृष्ठभागाचा पोत कॅमेऱ्यात कसा पकडावा: टेक्स्चरसाठी छायाचित्रण आणि प्रकाशयोजना

संगणकीय चित्रणात एखादी भिंत खरी वाटावी म्हणून भिंतीचे चित्र, म्हणजे टेक्स्चर, त्रिमितीय मॉडेलवर चढवण्याची कल्पना जुनी आहे. एडविन कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठातील आपल्या प्रबंधात वक्र पृष्ठभागावर चित्र बसवण्याची रीत मांडली. पुढे १९७८ साली जेम्स ब्लिन यांनी, प्रत्यक्ष भूमितीला हात न लावता केवळ पृष्ठभागाच्या लंबाची (त्याच्याशी काटकोन करणाऱ्या रेषेची, इंग्रजीत नॉर्मलची) दिशा जागोजागी किंचित बदलून उंचसखलपणाचा आभास कसा निर्माण करता येतो, हे दाखवले. आजच्या मटेरियलमध्ये रंग, उठाव, चकाकी अशी एकेक गोष्ट सांगणारी जी चार-पाच चित्रे, म्हणजे मॅप, असतात, त्यांची मुळे या दोन कल्पनांत आहेत. मात्र कॅमेऱ्यातून आलेले चित्र जसेच्या तसे वापरले की घोटाळा होतो. विटांच्या दर्जांमधली, म्हणजे दोन विटांमधल्या फटींतली, सावली त्या चित्रात आधीच उमटलेली असते, वरून आलेला उजेडही आधीच पडलेला असतो, आणि रेंडरर (दृश्याचे अंतिम चित्र घडवणारे सॉफ्टवेअर) त्यावर स्वतःचा प्रकाश पुन्हा टाकतो. दृश्यातला सूर्य डावीकडे असतो आणि भिंतीवरच्या सावल्या मात्र तो उजवीकडे असल्याचे सांगत राहतात. पाहणाऱ्याला नेमके काय बिनसले ते सांगता येत नाही, पण भिंत खोटी वाटते.

त्यामुळे टेक्स्चरसाठी छायाचित्र काढणे हे मोजमाप घेण्याचे काम समजावे आणि प्रत्येक मॅपसाठी प्रकाशाची मांडणी वेगळी करावी. रंगाचा मॅप हवा असेल तर प्रकाशाचा मागमूसही राहू द्यायचा नाही. उठावाचा मॅप हवा असेल तर तोच प्रकाश मुद्दाम तिरपा, एकेका बाजूने टाकायचा. चकाकी टिपायची असेल तर ती असलेले आणि नसलेले अशी दोन चित्रे घ्यायची. एकाच छायाचित्रातून सगळे मॅप काढून देणारी साधने उपलब्ध आहेत आणि घाईच्या कामात ती चालूनही जातात; पण ती गडदपणालाच खोली समजतात, त्यामुळे भिंतीवरच्या तेलाच्या डागाचा खड्डा होतो आणि पांढऱ्या रंगाच्या शिंतोड्याचा उंचवटा. प्रकाशयोजनेवर घालवलेला एक तास नंतरच्या दुरुस्तीचे कितीतरी तास वाचवतो, असे माझे मत आहे आणि पुढील मांडणी त्याच मताला धरून केली आहे.

किती जागा टिपायची

कॅमेरा हातात घेण्यापूर्वी टेक्स्चर किती जागेचे आणि किती बारकाव्याचे हवे, हे ठरवावे. दोन मीटर बाय दोन मीटर भिंतीसाठी ४०९६ पिक्सेलचे चौकोनी टेक्स्चर केले तर एका मीटरला २०४८ पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलला साधारण अर्धा मिलिमीटर येतो. प्रेक्षक त्या भिंतीजवळून चालत जाणार असेल तर एवढे पुरते. कॅमेरा गिलाव्याच्या तड्यावर स्थिरावणार असेल तर पुरत नाही. ६००० बाय ४००० पिक्सेलच्या कॅमेऱ्यात लहान बाजूने ४००० पिक्सेल मिळतात, म्हणजे वरील उदाहरणात एकच चित्र थोडे अपुरेच पडते आणि कडा कापायला जागा उरत नाही. अशा वेळी भागाभागांनी चित्रे घेऊन ती जोडावीत.

जागा निवडताना लोभ आवरावा लागतो. सुंदर तडा, शेवाळाचा ठळक पट्टा, रंगाचा मोठा पोपडा यांकडे नजर आपोआप जाते. पण पुढे हेच टेक्स्चर दहा वेळा शेजारीशेजारी लागणार असेल तर तो तडाही दहा वेळा दिसेल. पुनरावृत्तीसाठी घ्यायचा भाग काहीसा कंटाळवाणाच असावा. वैशिष्ट्यपूर्ण खुणा वेगळ्या टिपून नंतर वरून बसवाव्यात.

लेन्स ५० मिलिमीटर किंवा त्याहून लांब नाभ्यांतराची घ्यावी (फुल-फ्रेम सेन्सर गृहीत धरला आहे). वाइड लेन्समध्ये कडेच्या विटा बाजूने दिसू लागतात आणि सरळ रेषा वाकतात. ५० मिलिमीटर लेन्सने चित्राच्या लहान बाजूत एक मीटर जागा बसवायची असेल तर सुमारे २.१ मीटर अंतरावर उभे राहावे लागते. १०० मिलिमीटर लेन्सला याच्या दुप्पट अंतर लागते, पण दृष्टिकोनाचा दोष आणखी कमी होतो. मॅक्रो लेन्स मिळाली तर उत्तम, कारण तिची स्पष्टता मध्यापासून कोपऱ्यापर्यंत बरीच एकसारखी असते.

कॅमेऱ्याची मांडणी

कॅमेरा ट्रायपॉडवर असावा आणि सर्व नियंत्रणे मॅन्युअल असावीत. आयएसओ १००, छिद्र एफ ८ ते एफ ११, फोकस एकदा साधून बंद केलेला, व्हाइट बॅलन्स एका ठरावीक आकड्यावर आणि फाइल रॉ स्वरूपात (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती). छिद्र एफ १६ च्या पुढे नेले तर खोलीची स्पष्टता वाढते, पण विवर्तनामुळे संपूर्ण चित्रच मऊ होते, आणि टेक्स्चरमध्ये हा तोटा फायद्याहून मोठा ठरतो. जेपेगवर काम करू नये. कॅमेरा त्यात स्वतःच्या आवडीने कॉन्ट्रास्ट आणि तीक्ष्णता वाढवतो आणि ती वाढ नेमकी किती होती हे नंतर कळत नाही.

सेन्सर आणि पृष्ठभाग परस्परांशी समांतर असणे आवश्यक आहे. स्पिरिट लेव्हलने हे काही अंशी साधते, पण भिंत स्वतःच ओळंब्यात नसेल तर तिचा उपयोग नाही. येथे एक साधा उपाय फार उपयोगी पडतो. बोटभर रुंदीचा सपाट आरसा चित्राच्या मध्यभागी पृष्ठभागाला टेकवून धरावा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहावे. आरशात लेन्सचे प्रतिबिंब दिसते. ते प्रतिबिंब चित्राच्या बरोबर मध्याशी येईपर्यंत कॅमेरा हलवावा. ते मध्यावर आले की लेन्सचा अक्ष पृष्ठभागाला काटकोनात आहे असे समजावे. पृष्ठभाग खडबडीत असेल तर आरशाखाली एक सपाट पुठ्ठा धरावा, म्हणजे एखाद्या उंचवट्यावर टेकून आरसा कलणार नाही.

रंगासाठी प्रकाश

बेस कलर किंवा अल्बेडो म्हणजे पृष्ठभाग किती प्रकाश आणि कोणत्या रंगाचा विखरून परत पाठवतो, एवढेच. त्यात सावली नको, चमक नको आणि एका बाजूला जास्त उजेडही नको. मोकळ्या जागेत सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पूर्ण ढगाळ आकाशाची वाट पाहणे. ढगांचे अखंड आच्छादन एका विशाल डिफ्यूझरसारखे काम करते. उन्हाच्या दिवशी इमारतीच्या सावलीतही काम करता येते, मात्र तिथला प्रकाश निळ्या आकाशाचा असल्याने चित्र निळसर येते. त्यामुळे करड्या कार्डाशिवाय (रंग जुळवण्यासाठी टिपायच्या तटस्थ करड्या कार्डाशिवाय) असे चित्र घेऊ नये. ढगाळ प्रकाशही वरूनच येतो हे विसरून चालत नाही. उभ्या भिंतीच्या आडव्या दर्जांमध्ये वरच्या विटेखाली मंद सावली तेव्हाही राहते. जमिनीवरचा पृष्ठभाग टिपताना हा प्रश्न बराच सौम्य असतो.

घरात किंवा स्टुडिओत दोन समान दिवे पृष्ठभागाच्या दोन्ही बाजूंना, ४५ अंशांच्या कोनात ठेवावेत. येथे महत्त्वाचे असते ते दिव्यांचे अंतर. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. एक मीटर रुंद पृष्ठभागाची जवळची कड दिव्यापासून एक मीटरवर आणि दूरची दोन मीटरवर असेल तर जवळच्या कडेला चौपट प्रकाश पडतो. तोच दिवा मागे नेऊन ही अंतरे चार आणि पाच मीटर केली तर फरक सुमारे दीडपटीवर येतो आणि समोरचा दुसरा दिवा तो बहुतांशी भरून काढतो. छोट्या खोलीत दिव्यांची संख्या वाढवण्यापेक्षा पृष्ठभागाचा लहान भाग निवडणे शहाणपणाचे असते.

यानंतरही जो थोडा असमतोल उरतो तो काढण्यासाठी, पृष्ठभागाच्या जागी एकसारखा पांढरा किंवा करडा, बिनचमकीचा मोठा पुठ्ठा ठेवून, काहीही न हलवता एक चित्र घ्यावे. मूळ चित्राला या चित्राने भागले की दिव्यांचा असमतोल आणि लेन्सच्या कोपऱ्यांतला अंधार हे दोन्ही दोष एकदमच जातात. भागाकार रेषीय मूल्यांवर करावा, म्हणजे चित्रावर गॅमा (पडद्यासाठी उजळतेचे प्रमाण बदलणारे रूपांतर) चढण्याच्या आधी. पुठ्ठ्याचे चित्र किंचित धूसर केले तर त्यातले कण मूळ चित्रात उतरत नाहीत.

ध्रुवणाने चमक काढणे

वरील सर्व काळजी घेऊनही तेलरंगाची भिंत, वार्निश केलेले लाकूड, ओला दगड किंवा साधे हिरवे पान यांच्यावर एक पांढुरका पदर राहतोच. ती पृष्ठभागावरून सरळ परावर्तित झालेली चमक असते आणि तिच्यामुळे रंग फिके पडतात. ती काढण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे दुहेरी ध्रुवण, अर्थात क्रॉस-पोलरायझेशन.

त्यामागचे तत्त्व असे आहे. दिव्यासमोर रेषीय ध्रुवक फिल्म लावली की प्रकाश एकाच प्रतलात कंप पावू लागतो. पृष्ठभागावरून थेट परावर्तित होणारा भाग आपले ध्रुवण टिकवून परत येतो; आत शिरून, अनेक वेळा विखुरला जाऊन, वस्तूचा रंग घेऊन बाहेर पडणारा भाग मात्र ते गमावून बसतो. लेन्सवर दुसरा ध्रुवक लावून तो पहिल्याशी ९० अंशांत फिरवला की पहिला भाग अडतो आणि दुसऱ्याचा अर्धा भाग लेन्समध्ये येतो. लेन्ससाठी सर्क्युलर पोलरायझर चालतो, कारण त्याचा पुढचा थर रेषीयच असतो. मात्र तो उलटा बसवू नये. दिव्यावर सर्क्युलर फिल्म चालत नाही.

फिल्मचा अक्ष कोणता हे तिच्यावर लिहिलेले नसेल तर गुळगुळीत, चकाकत्या फरशीवर पडलेली खिडकीची तिरीप त्या फिल्ममधून पाहावी आणि फिल्म फिरवावी. फरशीवरून तिरप्या कोनात परावर्तित झालेला प्रकाश मुख्यतः आडव्या दिशेने ध्रुवित असतो, त्यामुळे तिरीप सर्वांत मंद दिसेल तेव्हा फिल्मचा अक्ष उभा आहे असे समजून कडेला बाणाची खूण करून ठेवावी. एकाहून अधिक दिवे असतील तर सर्व फिल्मचे बाण एकाच दिशेला असले पाहिजेत. फिल्म उष्णतेने सुरकुतते आणि तिचा रंग जातो, त्यामुळे सतत जळणाऱ्या दिव्याच्या अगदी जवळ ती चिकटवू नये. फ्लॅशवर ही अडचण फारशी येत नाही.

लेन्सवरचा ध्रुवक नेमका कुठे थांबवायचा, हे पृष्ठभागाकडे पाहून नीट कळत नाही. चित्राच्या कडेला एक काळा, चकचकीत प्लास्टिकचा गोळा ठेवावा. त्यावर दिव्याचा पांढरा ठिपका स्पष्ट दिसतो. ध्रुवक हळूहळू फिरवू लागले की ठिपका करडा होतो, मग बारीक होतो आणि एका जागी तो जवळजवळ नाहीसा होऊन केवळ गडद जांभळट छटा उरते. फिल्म वर्णपटाच्या दोन्ही टोकांना थोडा प्रकाश गळू देते म्हणून ती छटा राहते. तिथेच थांबावे. चार-पाच अंश इकडेतिकडे झाले तरी चमक पुन्हा डोके वर काढते, कारण दिव्याचा ठिपका मुळातच सभोवतालच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटींनी तेजस्वी असतो.

या पद्धतीची किंमत प्रकाशात मोजावी लागते. पहिल्या ध्रुवकात निम्मा प्रकाश जातो, दुसऱ्यात उरलेल्याचा निम्मा. म्हणजे किमान दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे) आणि फिल्मचे स्वतःचे शोषण धरून प्रत्यक्षात तीनच्या आसपास. बाहेर काम करताना लेन्सभोवती बसणारा रिंग फ्लॅश फिल्मसह वापरतात, पण त्याने आजूबाजूच्या प्रकाशावर मात करायला हवी, कारण तो प्रकाश आपल्या फिल्ममधून आलेला नसतो. आयएसओ १००, एक भागिले २०० सेकंद आणि एफ ११ ही मांडणी भर उन्हाच्या योग्य एक्स्पोजरइतकीच असते, म्हणजे उन्हात फ्लॅशचा विशेष उपयोग नाही. सावलीत त्याच मांडणीला आजूबाजूचा प्रकाश तीन ते चार स्टॉपनी कमी पडतो आणि लेन्सवरच्या ध्रुवकाने आणखी एक-दीड स्टॉप जातो. फ्लॅश बंद ठेवून एक चित्र घ्यावे. ते जवळजवळ काळे आले तरच काम सुरू करावे.

धातूच्या बाबतीत मात्र हा उपाय उलटा पडतो. धातूच्या आत शिरून विखुरणारा प्रकाशच नसतो. त्याचा जो रंग दिसतो तो परावर्तनाचाच रंग असतो. त्यामुळे दुहेरी ध्रुवणात उघडा धातू काळा पडतो. गंजलेल्या पत्र्याचे असे चित्र घेतले तर गंजाचा तांबूस रंग शुद्ध येतो आणि जिथे लोखंड उघडे आहे तिथे काळे ठिगळ दिसते. मेटॅलिक मॅपचा (धातू कुठे आहे हे सांगणाऱ्या मॅपचा) मुखवटा तयार करताना ही ठिगळे फार कामाला येतात. उघड्या धातूचा रंग मात्र माहीत असलेल्या परावर्तन-मूल्यांवरून भरणे बरे.

चकाकीचा मॅप

दुहेरी ध्रुवणाचे चित्र घेतल्यावर काहीही न हलवता लेन्सवरचा ध्रुवक ९० अंश फिरवून, त्याच एक्स्पोजरला दुसरे चित्र घ्यावे. या चित्रात विखुरलेल्या प्रकाशाचा उरलेला निम्मा भाग अधिक संपूर्ण चमक असते. त्यामुळे दुसऱ्यातून पहिले वजा केले, अर्थात रेषीय मूल्यांवर, की केवळ चमक उरते.

ही वजाबाकी म्हणजे रफनेस मॅप (खडबडीतपणाचा मॅप) असे समजण्याची चूक वारंवार दिसते. एकाच दिशेच्या दिव्यात दिसणारी चमक ही खडबडीतपणावर, त्या बिंदूच्या उतारावर आणि पदार्थाच्या परावर्तन-क्षमतेवर, अशा तिन्हींवर अवलंबून असते. सुदैवाने बहुतेक अधातू पदार्थ समोरून पडलेल्या प्रकाशाचा सुमारे चार टक्के भागच थेट परत पाठवतात (अपवर्तनांक १.५ धरला तर बरोबर चार टक्के), त्यामुळे तिसरा घटक जवळपास स्थिर धरता येतो. उरलेल्या चित्राकडे कुठे अधिक गुळगुळीत आणि कुठे कमी, याचा नकाशा म्हणून पाहावे, ते उलट करून रफनेसचा पाया म्हणून वापरावे आणि त्याचे किमान-कमाल आकडे डोळ्यांनी, मूळ वस्तूशी ताडून ठरवावेत. साध्या साधनांनी रफनेस मोजता येत नाही, त्याचा अंदाज घ्यावा लागतो. पॉल डेबेव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली चेहऱ्याच्या परावर्तनाचे मापन मांडले तेव्हा त्यांना दिवा संपूर्ण गोलाभोवती फिरवण्याची यंत्रणा उभारावी लागली, ती उगाच नव्हे.

उठावासाठी तिरपा प्रकाश

आता प्रकाशाचा उपयोग नेमका उलट्या हेतूने करायचा आहे. योहान हाइनरिश लाम्बर्ट यांनी १७६० साली मांडलेल्या नियमानुसार, चमक नसलेल्या पृष्ठभागाची उजळता ही प्रकाशाची दिशा आणि पृष्ठभागाचा लंब यांच्यातील कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात असते. कॅमेरा स्थिर ठेवून दिवा वेगवेगळ्या दिशांना नेला तर प्रत्येक पिक्सेलची उजळता बदलते आणि त्या बदलावरून लंबाची दिशा शोधता येते. रॉबर्ट वुडहॅम यांनी १९८० साली या पद्धतीची रीतसर मांडणी केली. तिला फोटोमेट्रिक स्टिरिओ म्हणतात. तत्त्वतः तीन चित्रे पुरतात. प्रत्यक्षात ४५-४५ अंशांच्या अंतराने आठ चित्रे घ्यावीत, म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी सर्वांत उजळ मूल्य, जे चमकेने बिघडलेले असू शकते, आणि सर्वांत गडद मूल्य, जे सावलीत असू शकते, गाळून उरलेल्यांवर हिशेब करता येतो.

खोली अंधारी करावी. जवळच्या पांढऱ्या भिंतीवरून उडालेला प्रकाश मोजमाप बिघडवतो, त्यामुळे शक्य तर आजूबाजूला काळे कापड लावावे. दिव्याचे अंतर नमुन्याच्या रुंदीच्या चार-पाच पट असावे आणि सर्व दिशांना ते सारखेच राहावे. नमुन्याच्या मध्यावर बांधलेली दोरी हे काम कोणत्याही उपकरणाइतके चोख करते. दिव्याची उंची पृष्ठभागावर अवलंबून ठेवावी. कागद, कापड, घासलेला दगड यांचा उठाव फारच उथळ असतो, तेव्हा दिवा २५ अंशांपर्यंत खाली आणला तरी चालतो. खोल दर्जांची विटांची भिंत किंवा झाडाची साल असेल तर ५० अंशांच्या आसपास ठेवावा, नाहीतर एका उंचवट्याची सावली शेजारच्या खळग्यात पडून तिथली माहितीच नाहीशी होते. दिशा नेमकी नोंदवण्यासाठी चित्राच्या कडेला तोच काळा चकचकीत गोळा ठेवावा. त्यावरच्या ठिपक्याच्या स्थानावरून प्रकाशाची दिशा काढता येते.

हे काम करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण केवळ चार चित्रांत आणि कोणत्याही चित्रसंपादकात जमणारी एक रीत समजून घेण्यासारखी आहे. दिवा बरोबर ४५ अंश उंचीवर ठेवून उजवीकडून, डावीकडून, वरून आणि खालून असे एकेक चित्र घ्यावे. उजव्या चित्रातून डावे वजा करावे आणि आलेल्या उत्तराला त्या दोघांच्या बेरजेने भागावे. या भागाकारात पृष्ठभागाचा रंग वरही येतो आणि खालीही, त्यामुळे तो निघून जातो: काळा डाग आणि पांढरा शिंतोडा दोन्ही नाहीसे होतात आणि केवळ आडव्या दिशेचा उतार उरतो. ४५ अंशांची अट एवढ्याचसाठी, की त्या कोनाचे साइन आणि कोसाइन समान असल्याने उतार कोणत्याही गुणकाशिवाय थेट मिळतो. वरच्या आणि खालच्या चित्रांवर हाच हिशेब केला की उभ्या दिशेचा उतार हाती येतो. पहिले उत्तर, दुसरे उत्तर आणि एक, या तीन घटकांच्या सदिशाची लांबी एकवर आणली की तोच लंब. ऋण एक ते एक ही मूल्ये शून्य ते २५५ मध्ये बसवली की नॉर्मल मॅप तयार होतो. त्यात सपाट जागेचा रंग १२८, १२८, २५५ असा निळसर जांभळा असतो. ही रीत ४५ अंशांपेक्षा कमी उताराच्या आणि चारही चित्रांत सावलीबाहेर राहिलेल्या जागांपुरतीच खरी आहे.

गोणपाटासारख्या जाड विणीच्या कापडाचा तुकडा या पद्धतीने टिपून पाहावा. साध्या चित्रात तो केवळ पिवळसर तपकिरी जाळीसारखा दिसतो. हिशेबानंतर मात्र आडवा धागा उभ्याखालून कुठे जातो, सुताला पीळ कोणत्या बाजूचा आहे आणि सुटलेला तंतू कुठे वर उचलला गेला आहे, हे मॅपमध्ये वेगवेगळे वाचता येते.

या पद्धतीचा एक ठरलेला दोष आहे. दिवा अनंत अंतरावर नसल्याने त्याच्या बाजूची कड अधिक उजळते आणि हिशेबात सपाट तुकडाही घुमटासारखा फुगलेला किंवा बशीसारखा खोलगट निघतो. नॉर्मलवरून हाइट मॅप (उंचीचा मॅप) काढताना हा फुगवटा फारच ठळक होतो. प्रत्येक दिशेच्या दिव्यात पुठ्ठ्याचेही एकेक चित्र घेऊन भागाकार केला की तो बहुतांशी नाहीसा होतो.

हाताचा तळवा आत जाईल इतक्या खोल पृष्ठभागांसाठी फोटोग्रामेट्री, म्हणजे अनेक जागांवरून घेतलेल्या चित्रांवरून भूमिती काढण्याची रीत, बरी. त्यात लगतच्या चित्रांमध्ये ७० ते ८० टक्के भाग समाईक ठेवून ओळीओळीने चित्रण करावे आणि मेशरूमसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमधून भूमिती तयार करावी. उलट कागद, कापड, पाने अशा सपाट वस्तूंसाठी कॅमेराच लागत नाही. साधा फ्लॅटबेड स्कॅनर ६०० डीपीआयवर चालवला की ४०९६ पिक्सेलमध्ये सुमारे १७३ मिलिमीटर जागा मिळते, आणि स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने पडत असल्याने नमुना ९०-९० अंशांत फिरवून केलेल्या चार स्कॅनवरून उठावाचाही अंदाज येतो.

रंगाचे आकडे

डार्कटेबलसारख्या रॉ-विकासकात चित्र उघडताना टोन कर्व्ह, कॉन्ट्रास्ट, स्थानिक तीक्ष्णता हे सर्व बंद करावे आणि १६-बिट टिफ काढावे. प्रत्येक प्रकाशमांडणीत एकदा २४ चौकटींचा रंगतक्ता किंवा किमान १८ टक्के करडे कार्ड टिपलेले असावे. एसआरजीबीमध्ये (पडद्यांसाठीच्या प्रमाणित रंगपद्धतीत) त्या कार्डाचे मूल्य ११८ च्या आसपास आले की एक्स्पोजर योग्य जागी बसले. अधातूंच्या बेस कलरमध्ये ३० पेक्षा गडद आणि २४० पेक्षा उजळ मूल्ये सहसा नसावीत. असतील तर बहुधा सावली किंवा चमक शिल्लक आहे. चित्र देखणे करण्याचा मोह इथे अनेकांना होतो. अल्बेडो फिकट आणि निर्जीव दिसणे हेच योग्य असते, कारण त्यातला जिवंतपणा प्रकाशाने आणायचा असतो.

बेस कलर एसआरजीबी म्हणून आणि नॉर्मल, रफनेस, हाइट, मेटॅलिक हे मॅप रंगविरहित माहिती म्हणून जोडावेत. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी प्रत्येक इमेज टेक्स्चरवर कलर स्पेसचा पर्याय असतो. नॉर्मल मॅप चुकून एसआरजीबी म्हणून वाचला गेला तर सपाट भिंतही एका बाजूला कललेली वाटते.

जोड न दिसणारे टेक्स्चर

चित्र आडव्या आणि उभ्या दिशेने अर्ध्या लांबीने सरकवले की कडा मध्यभागी येतात आणि जोडाची फुली स्पष्ट दिसते. गिंप या चित्रसंपादकात ऑफसेट आदेशाने हे होते. ती फुली आसपासच्या भागाने झाकावी. विटांची भिंत असेल तर कापण्याच्या वेळीच विचार करावा. एकाआड एक थर अर्ध्या विटेने सरकलेला असतो, त्यामुळे थरांची संख्या सम हवी आणि रुंदीत पूर्ण विटाच यायला हव्यात. सात थर कापले तर जोड कितीही झाकला तरी दोन सारखे थर एकमेकांवर येतात.

झाकण्याची प्रत्येक क्रिया सर्व मॅपवर एकाच जागी, एकाच तऱ्हेने करावी, नाहीतर रंगातला तडा एकीकडे आणि उठावातला दुसरीकडे जातो. नॉर्मल मॅपच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे: त्यातला तुकडा उचलून फिरवून किंवा उलटा करून दुसरीकडे लावू नये. रंगाचा तुकडा फिरवला तरी तो रंगच राहतो; नॉर्मलमधला प्रत्येक पिक्सेल मात्र दिशा सांगतो आणि तुकडा फिरवला तरी त्यातली दिशा जुनीच राहते, त्यामुळे तेवढ्या ठिगळावर प्रकाश भलतीकडून आल्यासारखा दिसतो. जोड हाइट मॅपवर झाकून त्यावरून नॉर्मल नव्याने काढणे अधिक सुरक्षित.

तपासणी

ब्लेंडरमध्ये एका मोठ्या सपाट पृष्ठभागावर टेक्स्चर चार बाय चार वेळा लावावे, दृश्यात एकच दिवा ठेवावा आणि तो हळूहळू भोवती फिरवावा. दूरवरून पाहताना ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची जाळी दिसली तर अल्बेडोत मंद प्रकाशभेद राहिला आहे. चित्राची खूप धूसर केलेली प्रत घेऊन मूळ चित्राला तिने भागावे आणि सरासरी रंगाने पुन्हा गुणावे. दिवा उजवीकडे असताना उठाव योग्य, पण वर नेताच उंचवटे खळग्यांसारखे दिसू लागले तर नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनल उलटा आहे: ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स या दोन ग्राफिक्स-प्रणालींपैकी ओपनजीएलच्या पद्धतीत हिरवा वरच्या दिशेला वाढतो, डायरेक्टएक्सच्या पद्धतीत खाली. ब्लेंडर पहिली पद्धत मानतो.

शेवटी, चित्रणाच्या वेळी घेतलेले एक तिरप्या प्रकाशाचे चित्र शेजारी ठेवून दृश्यातला दिवा त्याच कोनात आणावा. दोन्हींत चकाकीचा फरक असेल तर रफनेसचे आकडे सरकवावेत. सावल्या उथळ वाटल्या तर हाइट मॅपचे प्रमाण वाढवावे. मूळ रंगच जुळत नसेल तर आधी करड्या कार्डाचे चित्र पुन्हा तपासावे, आणि तेही बरोबर निघाले तर पांढुरका पदर राहिला आहे असे समजून ध्रुवकांच्या कोनापासून चित्रण नव्याने करावे.